जिनाची जाळी आणि मायचा हात

माझी माय हसायला लागली की शेजारच्या रहीमचाचांच्या कोंबड्या फडफडत भिंतीवर चढायच्या. तिचं हसणं पोटातून यायचं. ती पदर तोंडाशी न्यायची, पण पदराला ते आवरायचं नाही. आबा, म्हणजे माझे वडील, बोलायला अगदी कमी. ते ओट्यावर बसून विडी ओढत नुसते मान हलवायचे. त्यांना या हसण्याची लाज वाटते की कौतुक, हे मला लहानपणी कळायचं नाही. पुढे कळलं, की आत हसणं सुरू झालं की ते मुद्दाम विडी विझवून कान देत असत.

आमचं घर नंदुरबारला स्टेशनाच्या अंगाला, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या मागच्या आळीत होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे चूल, आणि रहीमचाचांची नि आमची मिळून एक भिंत. त्या भिंतीतला एक कोनाडा कधीतरी आरपार फुटला होता. तो बुजवावा असं दोन्ही घरांपैकी कुणालाच वाटलं नाही, कारण त्यातून वाट्या इकडून तिकडे जायच्या. ईदेचा शीरखुर्मा इकडे यायचा, आणि हिवाळ्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत तिकडे जायचं. उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी, वर कच्चं तेल, कांद्याची पात आणि ते भरीत! आज माझ्या सुना गॅसवर वांगं भाजतात आणि मला विचारतात, कसं झालंय. मी चांगलं म्हणते. वयाला खोटं बोलायची थोडी सवलत असते.

आबांचं गाव कोरीट. तिथे काकांबरोबर त्यांची शेती होती. पावसाळाभर आबा तिकडे राबायचे आणि दिवाळीनंतर कापूस निघाला की गाडी जुंपून नंदुरबारला यायचे, जिनात माल पोचवायचे. माय मात्र हंगामभर जिनातच. मी चौथीपर्यंत शाळा शिकले, मग घरी बसले, आणि घरी बसून बसून कंटाळा आल्यावर मायच्या मागे जिनात जायला लागले. लांबच लांब पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंनी मशीनांच्या रांगा, प्रत्येक मशीनपुढे एक बाई. एका अंगाने सरकी खाली पडायची, दुसऱ्या अंगाने रुई उडायची. संध्याकाळी आम्ही सगळ्या भुवयांसकट पांढऱ्या होऊन बाहेर यायचो आणि एकमेकींना ‘राम राम आजीबाई’ म्हणायचो. मशीनांच्या खडखडाटात शेजारणीला हाक ऐकू जायची नाही, पण मायचं हसणं शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. मुकादम म्हणायचा, “भागाबाईले भोंगा वाजाडाले ठेवा, कोयसा वाची.” भोंग्याची वाफ कोळशावर निघायची.

प्रत्येक मशीनच्या तोंडाशी लोखंडी जाळी असायची. कापूस जाळीखालून सरकवायचा, म्हणजे हात कापूस ओढणाऱ्या फिरत्या रुळापर्यंत जात नाही. एका वर्षी अवकाळी पाऊस झाला आणि ओला माल आला. तो जाळीशी अडायचा, गोळे व्हायचे, काम तुंबायचं. तेव्हा मॅनेजरांनी सगळ्या जाळ्या काढायला लावल्या. काढल्या रहीमचाचांनी, कारण ते जिनातले फिटर होते. माल वाळला की परत बसवायच्या असं ठरलं होतं. माल वाळला, जाळ्या कोपऱ्यात पडून राहिल्या.

मायचा हात गेला तेव्हा मी तिच्या शेजारीच टोपली रिकामी करत होते. कापसात एक काडी अडकली होती, ती काढायला तिने बोटं पुढे केली आणि रुळाने ती ओढली. मी ओरडले. रहीमचाचा कुठून धावत आले मला दिसलंच नाही, पण त्यांनी मशीन फिरवणारा पट्टा उडवला आणि ते थांबलं. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली होती. मायचा चेहरा रुईसारखा झाला होता. मी तिला धरलं तर ती मला म्हणते, “देख व पोरी, मन्ह्या बांगड्या फुटन्यात का?”

बांगड्या शाबूत होत्या. मी तसं सांगितलं आणि मगच तिने डोळे मिटले.

दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा आबा शेतीवरचं काम काकांवर टाकून आले होते. त्यांनी चूल हाती घेतली. आबांची भाकरी जात्याच्या तळीएवढी जाड, मध्ये कच्ची आणि कडेला करपलेली. पहिल्या दिवशी मायने ती मुकाट्याने खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिने भाकरी उचलली, वजन केल्यासारखी हातात तोलली आणि म्हणाली, “हाई खावाले देल शे का, घरना पाया भराले?” आणि हसली. अपघातानंतर पहिल्यांदा. कोंबड्या भिंतीवर चढल्या. कोनाड्यातून चाचींचा आवाज आला, “या अल्ला, हसी!” आणि मग चाची तिकडे रडल्या.

हळूहळू ती सगळं करायला लागली. डाव्या हाताने भाकरी थापायची, उरलेली दोन बोटं चिमट्यासारखी वापरायची. एक मात्र जमेना. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणाचे मांडे होतात. पुरण भरलेली ती पोळी लाटण्याने लाटत नाहीत. दोन्ही हातांवर झेलून, फिरवून, कोपरापर्यंत ताणत न्यायची आणि उपड्या खापरावर पसरायची. मायचा मांडा धोतरासारखा मऊ आणि आरपार दिसेल इतका पातळ. लग्नाघरी, बारशाला तिला सन्मानाने बोलावून न्यायचे, गाडी पाठवायचे. त्या आखाजीला तिने तीनदा मांडा हातावर घेतला आणि तिन्ही वेळा तो अंगठ्याच्या जागी फाटून खाली आला. चौथ्या वेळी आबा उठले, बाह्या दुमडल्या, कणीक हातावर घेतली. माय हुकूम सोडत होती, “उजवीकडे फिरावा! पडी जाई! अहो, बैल नही हाकी ऱ्हायनात तुम्ही!” आबांचा पहिला मांडा त्यांच्या खांद्यावर बसला. आमरसाबरोबर आम्ही त्याचे तुकडे खाल्ले आणि इतकं हसलो की काकू कोरीटहून आलेली, ती म्हणाली या घराला काही झालंय की नाही तेच कळत नाही.

त्यानंतर जिनाचे मुनीम आले. बरोबर ज्वारीचं पोतं आणि एक लुगडं. ओट्यावर बसून त्यांनी पाणी घेतलं, शेटजींनी किती हळहळ केली ते सांगितलं, आणि खिशातून एक कागद काढला. त्यावर लिहिलं होतं की बाईची काही तक्रार नाही.

“भागाबाई, इथे अंगठा लावा.” मायने डावा हात पुढे केला, तसे ते घाईने म्हणाले, “डावा नको. बायांचा उजवा लागतो.”

मायने उजवा हात त्यांच्यापुढे धरला. “उजवा तुमना मशीननी खादा. तठे रुईना गठ्ठामा देखा. सापडना तं लई या, आनि लाई ल्या कागदवर.”

मुनीम उठले. पोतं ठेवून गेले, कागद घेऊन गेले.

संध्याकाळी कोनाड्यातून रहीमचाचांचा आवाज आला. “भाभी, अंगठा नही लावा ते बेस करं. सुरतले मी व्हतू तवय एक गिरणीना मजूरना हात गया व्हता. त्याले कायद्यानी भरपाई भेटनी. शेटनी मेहेरबानी नही ती. हक शे.”

हक हा शब्द आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा आला. आबा म्हणाले, कोर्टकचेरी आपलं काम नाही. पण दुसऱ्या दिवशी मायने ज्वारीचं पोतं आबांच्या गाडीत टाकायला लावलं, लुगडं त्यावर घडी घालून ठेवलं आणि दोन्ही जिनाच्या फाटकाशी परत पोचवून आली. वाटेत एका वकिलाचं घर होतं, तिथेही जाऊन आली.

हे वकीलसाहेब नुकतेच पुण्याहून शिकून आलेले. काळा कोट बहुधा धाकट्या भावाचा असावा, कारण मनगटं बाहेर राहायची. पण मनाने फार चांगले. त्यांनी अर्ज केला, धुळ्याच्या कोर्टात तारीख लागली, आणि मग ते मायला शिकवायला आमच्या ओट्यावर येऊ लागले. “बाई, कोर्टातल्या साहेबांसमोर डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. हुंदका नको, पण पाणी हवं.” माय प्रयत्न करायची. तोंड वाकडं करायची, भुवया वर न्यायची, आणि त्या तोंडाने माझ्याकडे पाहिलं की आम्हा दोघींना हसू फुटायचं. शेवटी एकदा वकीलसाहेबही हसले आणि डोक्याला हात लावून म्हणाले, “आपण हरणार.”

ते एका गोष्टीने खरोखर काळजीत होते. जिनाचं म्हणणं असं होतं की जाळी बाईनेच काढली, लवकर काम उरकावं म्हणून, आणि वर ती सारखी हसत-बोलत होती, कामावर लक्ष नव्हतं. स्वतः होऊन जाळी काढली असं ठरलं, तर भरपाई बुडते. जाळी कुणी काढली हे साऱ्या जिनाला माहीत होतं, पण जिनात राहून ते कोर्टात कोण सांगणार? वकीलसाहेबांनी रहीमचाचांना विचारलं. चाचा जमिनीकडे बघत म्हणाले, “मन्ही पोरं धाकली शेत, साहेब.” मॅनेजरांनी त्यांना आधीच बोलावून, जाळी बाईनेच काढली असं सांग, म्हणून बजावलं होतं. त्या दिवसापासून कोनाड्यातून वाटी जाणं-येणं थांबलं. तिकडे चाची कामं करताना बांगड्या वाजू देत नसत, इतकं ते घर गप्प झालं.

मला राग आला होता. मायला नव्हता. ती म्हणाली, “त्यानी पट्टा उडावा म्हनीसन मन्हा बाकीना हात वाचना. आखो काय मांगू मी त्याले?”

तारखेच्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. माय, आबा, मी आणि वकीलसाहेब. सर्व्हिस मोटारीत कोंबड्या, गुळाच्या भेल्या आणि एक नवरदेव होता. दोंडाईच्याला मोटार तापली, सगळे उतरलो, आणि मायने भाकरी-ठेच्याचं फडकं सोडून नवरदेवालाही जेवू घातलं. धुळ्याला पोचलो तर कोर्टाच्या दारात शेटची मोटार उभी. तिच्यातून मॅनेजर उतरले, जिनाचे वकील उतरले आणि शेवटी, धुतलेली टोपी घालून, रहीमचाचा. जिनाने त्यांना आपला साक्षीदार म्हणून आणलं होतं. ते गप्प राहिले, त्याचा अर्थ मॅनेजरांनी होकार असा घेतला होता.

आबांनी तोंड फिरवलं. माय सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. “रहीमभाऊ, मोटार लागनी नही ना तुमले? तुमले गाडीमा मळमळस.”

आतले साहेब कोकणाकडचे, वयस्कर, चष्म्याच्या वरून बघणारे. मायने बोलायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांतच त्यांनी हात वर केला. त्यांना अहिराणी कळेना. कारकून म्हणाला, बाई, शुद्ध बोला. माय म्हणाली, “मी शुद्धच बोली ऱ्हायनू. आंगोळ करीसन उनू.” मी हसू दाबत होते ते साहेबांना दिसलं. “मुली, तुला शाळेतली भाषा येते?” येते म्हटलं. “मग तू सांग.” अशी मी उभी राहिले. चौथीच्या पुस्तकातली सगळी मराठी मला त्या दिवशी आठवली.

जिनाच्या वकिलांनी विचारलं, बाई कामावर हसत होत्या की नाही? माय म्हणाली, “तो खोटं बोली नही ऱ्हायना. मी हासत व्हतू. रोजच हासस. पन हासाले हात लागतस का?” मी सांगितलं, “साहेब, तिचं म्हणणं आहे की ती नेहमीच हसतमुख असते, परंतु त्याचा हाताच्या कामाशी संबंध येत नाही.” मायने माझ्याकडे वळून पाहिलं. “मी इतलं लांब बोलनू का व?” साहेबांनी रुमाल तोंडाला लावला.

मग वकिलांनी दुसरा डाव टाकला. बाई घरी भाकऱ्या करते, धुणं धुते, पाणी भरते. मग तिचं नुकसान ते काय झालं? आमच्या वकिलांनी मायकडे आशेने पाहिलं. पाणी यायची वेळ हीच होती. पण मायने दोन्ही हात वर उचलले आणि साहेबांसमोर, त्या भरल्या खोलीत, कणीक नसताना मांडा करायला सुरुवात केली. उजव्यावरून डाव्यावर, डाव्यावरून उजव्यावर, मनगटावरून कोपराकडे. “भाकर करस मी. मांडा नही व्हत,” ती म्हणाली. मग उजवा हात स्थिर धरला आणि जिथे बोटं नव्हती तिथे डाव्या हाताचं बोट ठेवलं. “आठून फाटस.”

मी सांगितलं, “इथून फाटतो.” त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं. माय रडली नाही, मी रडले. वकीलसाहेब नंतर म्हणाले, कुणाच्या का होईना, पाणी आलं.

साहेब म्हणाले, “कायद्याला मांडे ठाऊक नाहीत, बाई. पण हात ठाऊक आहे.” आणि त्यांनी साक्षीदाराला बोलावलं.

रहीमचाचा उभे राहिले. जिनाच्या वकिलांनी मोठ्या खुशीत विचारलं, मशीनची जाळी कुणी काढली ते साहेबांना सांगा. चाचांनी टोपी नीट केली. त्यांना कोर्टात बोलायची मराठी येत होती, पण ते थांबत थांबत बोलले.

“हुजूर, जाळी बाईनं नाही काढली. मी काढली. सगळ्या मशीनींच्या काढल्या, मॅनेजरसाहेबांनी सांगितलं म्हणून. माल वाळला तेव्हा मी परत विचारलं, बसवू का? म्हणाले, राहू दे, काम झपाट्यानं होतंय.”

मॅनेजर उठून काही बोलायला लागले, तसे साहेबांनी त्यांना बसवलं. मग चष्म्याच्या वरून मायकडे पाहून ते म्हणाले, “कामावर हसायला कायद्यात मनाई नाही. जाळी काढायला आहे.” मी ते मायला अहिराणीत सांगितलं आणि ती कोर्टात हसली. तिथे कोंबड्या नव्हत्या, पण बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले हे मी स्वतः पाहिलं.

भरपाई द्यावी असा निकाल झाला. जिनाला ती भरावीच लागली. त्या पैशांतून आबांनी एक म्हैस घेतली. साऱ्या आळीने तिचं नाव ‘धुळीण’ पाडलं, कारण ती धुळ्याहून आली असं सगळे म्हणायचे, जरी आणली होती विसरवाडीहून.

रहीमचाचा शेटच्या मोटारीतून आले होते. परत आमच्याबरोबर आले. मोटारीत त्यांना मळमळलंच. माय त्यांना लिंबू चोखायला देत होती आणि आबा, जे कधी बोलत नसत, ते त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “रहीमभाऊ, आते कसं?” चाचा लिंबू तोंडात धरून म्हणाले, “नोकरी गई. पेट बी खाली व्हई गया. आते हलकं वाटस.” जिनातलं काम त्यांचं गेलं ते गेलंच. काही महिने ओढाताण झाली. मग विहिरींवरच्या ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीचं दुकान त्यांनी स्टेशन रोडला टाकलं, आणि आमच्या कोरीटच्या काकांचं इंजिन त्यांच्याच हाताखालून पहिलं गेलं. कोनाड्यातून वाट्या पुन्हा जाऊ लागल्या. आता त्यात धुळीणीचं दहीही असायचं.

पुढच्या हंगामात मी कामाला जायचं ठरवलं, तेव्हा आबा नको म्हणाले, काकू नको म्हणाली. जुन्या जिनात मी जाणार नव्हतेच. गावाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक जिन होतं. पहिल्या दिवशी सकाळी माय माझ्याबरोबर निघाली, फाटकातून सरळ आत शिरली. मुकादम म्हणाला, “बाई, तू कोठे?” मायने त्याच्याकडे पाहिलं नाही. मला दिलेल्या मशीनपाशी गेली. मशीन अजून सुरू व्हायचं होतं. तोंडाशी जाळी होती. नुसत्या माझ्याच नाही, रांगेतल्या प्रत्येक मशीनला होती, नवी, काळा रंग दिलेली. धुळ्याची बातमी इथवर आली होती.

मायने उजवा हात जाळीवर ठेवला आणि दाबला. मग खांदा लावून सगळ्या अंगाचं वजन टाकलं. जाळी हलली नाही. वरून, खालून, दोन्ही कडांनी तिने ती दोन बोटांनी चाचपली. मुकादम, शेजारच्या बाया, सगळे बघत उभे होते. तिने हात काढला तर तळव्यावर जाळीचे चौकोन उमटले होते. तो हात तिने सगळ्या रांगेला फिरवून दाखवला. “देखा व बायासहोन, मन्हा हातनी चाळनी व्हई गयी!” आणि ती हसायला लागली. पहिल्यांदा शेजारची हसली, मग तिच्या पलीकडची, मग सगळी शेड. तेवढ्यात भोंगा वाजला, पट्टे फिरायला लागले. माय बाजूला झाली आणि मला म्हणाली, “हां. आते ऱ्हाय उभी.”

मी पदर खोचला आणि जाळीखालून कापसाची पहिली मूठ आत सरकवली.